निम्मं औषध

मु. पो. कळस, ता. इंदापूर
७ जानेवारी १९९६

चि. सिद्धूस भागूआक्काचा आशीर्वाद.

हितं उरलेली समदी बरी हायेत. विहिरीला पाणी हाय. लंगडी मेंढी व्याली, दोन कोकरं. आपला आबा गेल्यापास्नं त्याची काठी दारामागंच हाय, कुणी हलवली न्हाय.

तुझं पत्र पोचलं. दिल्लीत कायदा झाला, शोध लावणाऱ्यांना आता सरकार पैसा देणार, एवढं कळलं. वर्षभर तू "कायदा होऊ दे आक्का, मग येतो" म्हणत व्हतास. झाला. आन आता म्हणतोस अर्जच करत न्हाय. तुझ्या जंताच्या औषधाला गुण न्हाय, औषध पाजलेल्या आन न पाजलेल्या मेंढ्या वजनाला सारख्याच भरल्या, प्रयोगशाळा बंद पडली तरी खोटं लिव्हणार न्हाय म्हणतोस.

दहाव्याला आलास, डोकं भादरलंस, आन त्याच वल्या डोक्यानं मेंढ्या काट्यावर घातल्यास. तवाच तुझं तोंड उतरलं. मी बघत व्हते. बोलले न्हाय.

आता नीट वाच. कानात पिवळा बिल्ला असंल तिलाच पाजा, बाकीच्यांना थेंब न्हाय, असं तू बजावून गेलास. आबा व्हय म्हणाला. तुझी जीप वळली न्हाय तवर म्हणतो, "भागे, एका पंगतीत निम्म्यांना वाढायचं आन निम्म्यांनी बघत बसायचं, ही कुठली रीत?" एकीचं औषध दोघींना पाजलं. दर खेपेला. मी म्हणलं, "आबा, पोरानं सांगितलंय." तर म्हणाला, "पोरगं शिकलंय. मेंढ्या न्हाय शिकल्या." तुला सांगू नगं म्हणाला. सरकारी औषध उधळलं म्हणून तुझी नोकरी जाईल, ह्याचं भ्या.

एवढंच असतं तर चार वळीत लिव्हलं असतं.

बारामतीच्या दवाखान्यात आबाचा डॉक्टर म्हणाला, गोळ्या चांगल्या व्हत्या, म्हाताऱ्याला लागू पडल्या न्हाईत. तुलाबी त्यानं फोनवर तेच सांगितलं. शेजारच्या खाटेवर निमगाव केतकीचा एक म्हातारा व्हता. दुखणं तेच, पण त्याला गोळ्या आणायला कोण न्हाय. आबा गेला तवा मी गोधडी झटकली, तर गोळ्यांचे निम्मे निम्मे तुकडे पडले. दातानं तोडलेले. मी त्या म्हाताऱ्याकडं बघितलं. त्यानं तोंड भिंतीकडं केलं.

मला राग आला न्हाय. रडूबी न्हाय. गोधडीची घडी केली आन पिशवीत घातली. तो म्हातारा जगला का न्हाय, इचारायला गेले न्हाय.

तवा अर्ज कर. औषधाला नावं ठिवू नगंस, ते पुरतं कुणाच्या पोटात गेलंच न्हाय. बापानं वाटून दिलं असं लिव्ह. लाजू नगंस, दिल्लीवाले हसले तर हसू देत. म्हणावं, पुन्हा पाजून बघतो.

बाटल्या पाठव. बिल्ल्याच्या मेंढ्या हिकडं, बिनबिल्ल्याच्या पलीकडं वाघरीच्या जाळीत कोंडीन. त्या वरडल्या तरी थेंब देणार न्हाय. मला जमंल. आबाचं तेवढं माझ्यात आलं न्हाय.

कळप राखून हाय,
तुझी भागूआक्का