घरघर न करणारं कार्ड

चिमणे,

कॉम्प्युटरचं ग्राफिक्स कार्ड आणलंय, तुझ्या टेबलावर आहे. मी कीर्तनाला निघालोय. बुवा वेळेचे पक्के, म्हणून घाईत लिहितो.

दुकानदाराने आधी लांबलचक पूर्वरंगच लावला. आख्यान एवढंच, की तुझे ते जड गेम त्याच्याकडच्या दोन्ही कार्डांवर सारखेच सुरळीत चालतील. आखूड कार्डाचे पंखे तापले की घरघरतात, लांब कार्ड अगदी शांत. मी म्हटलं, "घरघरणारंच द्या की!" तो हसायलाच लागला. "काका, मुद्दाम आवाज मागणारं गिऱ्हाईक पहिल्यांदाच बघतोय!"

त्याला काय सांगणार? तुझी आई गेल्यापासून भिंतीपलीकडून तुझ्या जुन्या कार्डाची घरघर आली, की मला झोप लागते. पोरगी घरात आहे, एवढं कळतं. आपलं बोलणं तर हल्ली या चिठ्ठ्यांवरच चाललंय.

पण तुला शांत हवं होतं, म्हणून शांतच आणलं. कॅबिनेटमध्ये मावेल. आतली जागा सुतळीने मोजून, गाठ मारून नेली होती. सुतळीलाही तो हसला, पण माप बरोबर निघालं.

जेवण झाकून ठेवलंय, गरम करून घे. देव तुझ्या कामाला यश देवो, आणि खेळालाही.

फक्त कार्ड बसवलंस की खोलीचं दार ओढून घेऊ नकोस. हरलीस की तू मित्रांवर ओरडतेस ना, तेवढं कानावर आलं तरी मला झोप लागेल.

बाबा