आईच्या नखांची जबाबदारी

चोआ चू कांग, सिंगापूर
रविवार दुपार

ती. दमयंतीताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. (कंबर धरल्यामुळे अर्धाच वाकलोय, उरलेला मनाने केला.) तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींचा रक्तदाब आणि सोसायटीच्या सेक्रेटरीशी चाललेलं त्यांचं भांडण, दोन्ही आटोक्यात असावं. आम्ही सगळे बरे आहोत. आई तर इतकी बरी आहे की मला ते सहन होत नाही. हे फोनवर सांगता येत नाही, कारण फोन स्पीकरवर असतो आणि तुझी भावजय विभा शेजारी बसून हसते. म्हणून हे पत्र. ऑफिसातला एकजण मंगळवारी पुण्याला येतोय, त्याच्या हाती पाठवतो.

मार्चमध्ये आई बाथरूममध्ये पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं, आणि आम्ही दोघंही नोकरीवर जाणारे, म्हणून जूनमध्ये ती आमच्या ब्लॉकपासून दोन बसस्टॉपवरच्या असिस्टेड लिव्हिंगमध्ये राहायला गेली, हे सगळं तुला माहीत आहे. (मावशीला मात्र वृद्धाश्रम म्हणून सांगू नकोस. आईची स्वतःची खोली आहे, स्वतःची किल्ली आहे, आणि घंटी दाबली की माणूस येतं. आपल्या घरी हाका मारूनही कोणी यायचं नाही.) तुला माहीत नाही ते पुढचं. पहिल्याच आठवड्यात तिथल्या मॅनेजर को बाईंनी मीटिंग घेतली आणि फळ्यावर दोन रकाने आखले. स्टाफने करायचं: अंघोळ, औषधं, व्यायाम, उठबस. घरच्यांनी करायचं: गप्पा आणि नखं. ताई, चांगी बिझनेस पार्कात माझ्या हाताखाली बावीस माणसं आहेत आणि माझ्या आईची माझ्या वाट्याला फक्त नखं आली.

स्टाफ म्हणजे मारिसेल. फिलिपिन्सची, तिशीतली, सदा हसरी (हसण्यासारखं रोज काय असतं, मी शोधतोय). आईने आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलं, त्यामुळे दोघींना भाषेची अडचण नाही. पण आईला शिकवल्याशिवाय चैन पडत नाही, म्हणून आता ती तिला मराठी शिकवते. परवा मी खोलीत शिरलो तर मारिसेल म्हणत होती, "आई, पाणी पी गं." गं! आणि आई प्यायली. मी तीन महिने पाणी पी म्हणून ओरडतोय, तर मला उत्तर मिळतं, "तुझं तू बघ."

बरं, आई शाळेत असताना खो-खोच्या जिल्हा संघात होती, हे तुला ठाऊक होतं का? मला नव्हतं. मला ते मारिसेलने सांगितलं. मी आईला जाब विचारला, तर म्हणाली, "तू कधी विचारलंस?" (मारिसेलने विचारलं होतं. असं कसं सुचतं लोकांना?)

मग मी कंबर कसली. गेल्याच्या आधीच्या बुधवारी रजा टाकून स्वतः थालीपिठं लावली आणि डबा घेऊन गेलो. आईने एक खाल्लं, "मीठ कमी आहे" म्हणाली, आणि उरलेली तीन मारिसेलच्या हवाली केली. तिने "खूप छान" म्हटलं, तेही मराठीत. त्या रागात मी आईची नखं कापायला घेतली आणि उजव्या अंगठ्याला कात्री जरा आत गेली. थेंबभरच रक्त, पण तिथे थेंबाचाही रीतसर अहवाल लिहितात. घटनेचं कारण: मुलगा. वर मला शनिवारी घरच्यांसाठीच्या प्रशिक्षणाला बसवलं आणि शिकवायला कोण, तर मारिसेल. नीलने घरी ऐकलं आणि म्हणाला, "पप्पा, यू आर जेलस, लाह." (हा लाह इथे सगळ्यांच्याच वाक्याला चिकटतो.) सोळा वर्षांच्या मुलाने बापाला असं बोलावं का?

प्रशिक्षणात मी आईला खुर्चीतून पलंगावर घ्यायला शिकलो. म्हणून या गुरुवारी मारिसेलची सुट्टी साधून संध्याकाळी गेलो, तिच्या कमरेला उचलायचा पट्टा बांधायला वाकलो, तर आईने माझा हात बाजूला केला. "तू राहू दे. दुसरी कोणी येईल."

ताई, मी चिडलो. म्हटलं, "मी तुझा मुलगा आहे!"

"म्हणूनच," आई म्हणाली. "तू मला उचललंस की मला लाज वाटते. त्या मुलींची नाही वाटत. त्यांचं ते काम आहे, छान करतात. तू समोर बस आणि माझ्याशी भांड. इथे सगळे इतके गोड बोलतात की भांडायला कोणी उरलं नाही."

मी बसलो. तुझ्या लग्नात फोटोवाल्याला कोणी आधी जेवायला पाठवलं, यावरून आम्ही पाऊण तास भांडलो. आईचा आवाज असा लागला की शेजारच्या खोलीतल्या चिनी आजी बघायला आल्या. निघताना तिने माझ्या पाठीवर थाप मारली आणि विचारलं, "उद्या किती वाजता येतोस?" बसमध्ये मला माझा स्टॉप कळलाच नाही.

असो. भाऊजींना नमस्कार.

तुझा,
उद्धव

ता. क. एक गोष्ट लिहायची राहिली. म्हणजे राहिली नाही, टाळली. त्या नखांच्या बुधवारी मी सूचनापेटीत एक फॉर्म टाकला होता, की आई एकाच कर्मचारिणीवर फार अवलंबून राहू लागली आहे. मला वाटलं, कोण वाचतंय. त्यांनी वाचला. एक तारखेपासून मारिसेलची बदली तिसऱ्या मजल्यावर. आई कालपासून नीट जेवलेली नाही आणि "हे त्या को बाईंचं काम" म्हणते आहे. मी मान डोलावली.

ता. क. २. मी को बाईंकडे गेलो होतो. त्या म्हणाल्या, निर्णय बदलायचा तर घरातल्या दुसऱ्या माणसाने लिहावं, तुम्ही दर आठवड्याला मत बदलता. विभाला सांगावं तर फॉर्मचं कळेल. तेव्हा तू थोरली मुलगी या नात्याने पत्र मिळताच मेल कर. दारात मारिसेल भेटली होती. म्हणाली, "सर, तुम्ही माझ्यासाठी बोललात ना?" मी हो म्हटलंय.

ता. क. ३. मेलच्या शेवटी एक ओळ माझ्याबद्दलही चांगली लिही. को बाई घरच्यांचे मेल आईला वाचून दाखवतात.