पोपटमामांचा बँड टीव्हीवर लागला, त्याची हकीकत

मु. पो. निमोणे, ता. शिरूर
मंगळवार, सकाळचं दूध संकलन आटोपल्यावर

तीर्थस्वरूप पोपटमामांच्या चरणी भाचा रविराज याचा साष्टांग नमस्कार (आशीर्वाद द्यायला तुम्ही मात्र वाकू नका, डॉक्टरांनी वाकायला मनाई केली आहे असं भाग्यश्री म्हणाली). ऑपरेशननंतर डोळा कसा आहे? पाणी येतं का? टोचतं का? नागपूरचं ऊन काळ्या चष्म्यातूनही आत शिरतं म्हणतात, तेव्हा लेकीच्या गच्चीवर फिरू नका. इकडे आम्ही सगळे मजेत. मामींची म्हैस मजेत. मामींबद्दल पुढे लिहितो.

हे पत्र भाग्यश्री तुम्हाला वाचून दाखवणार हे मी धरून चाललो आहे. (भाग्यश्री, कंसातला मजकूर वाचताना आधी मनात वाच. ज्या कंसात तुझं नाव आहे तो मोठ्याने वाचूच नकोस.)

तुम्ही फोनवर बजावलंत, "फोनवर तू नुसता भारी झालं, भारी झालं म्हणतोस. कागदावर लिही. कोण काय म्हणालं ते नावानिशी लिही, आन् खरं लिही." भाग्यश्री कार्यक्रम मोबाइलवर लावून द्यायला तयार होती, पण तुमचा हट्ट, की बघीन तर दोन्ही डोळ्यांनी बघीन, नुसता कानाने ऐकणार नाही. बँड बंद पडून पंचेचाळीस वर्षं झाल्यावर एका चॅनेलला त्याला मानवंदना द्यावीशी वाटते, आणि आदल्याच दिवशी तुमच्या डोळ्यावर पट्टी येते, याला काय म्हणावं मला समजत नाही. असो. लोक काय म्हणाले याची तुम्हाला झोप लागू नये इतकी काळजी आहे हे मी ओळखून आहे, म्हणून खरं तेच लिहितो.

रविवारी दुपारी चारला कार्यक्रम होता. तुमच्या वरवंडच्या घरातला टीव्ही फार लहान, त्यावर बातम्या वाचणाऱ्या बाईचं फक्त नाक नीट दिसतं. म्हणून मी आमच्या दूध संस्थेचा बेचाळीस इंची टीव्ही (ज्यावर फॅट आणि दर दाखवतो, तो) सेक्रेटरी या नात्याने स्वतःच्या जबाबदारीवर काढला, गोधडीत गुंडाळला आणि न्हावरा-चौफुला रस्त्याने पिकअपमध्ये मांडीवर धरून वरवंडला नेला. खड्डा आला की मी टीव्हीला आवळायचो, त्यामुळे माझ्या गालावर बटणांचे ठसे उठले होते आणि ते संध्याकाळपर्यंत गेले नाहीत. तुमच्या अंगणात खाटेवर टीव्ही मांडला, वर ऊन येऊ नये म्हणून ताडपत्री बांधली. साठ-सत्तर माणूस जमलं. मामी सगळ्यांत मागे, उंबऱ्यावर, शेंगा फोडत बसल्या. चेहरा असा, जणू टीव्ही दुसऱ्या कुणाच्या घरचा आहे.

मी छोटंसं प्रास्ताविक केलं. म्हटलं, मंडळी, आपले पोपटराव तरुणपणी दौंडच्या लोको शेडमध्ये फिटर होते. तिथल्या चार पोरांनी मिळून 'होम सिग्नल' नावाचा रॉक बँड काढला होता. रेल्वे कॉलनीतला डेन्झिल गायचा आणि आपले पोपटराव ड्रम वाजवायचे. दर शनिवारी रेल्वे इन्स्टिट्यूटच्या हॉलमध्ये गर्दी मावायची नाही. यावर तुमच्या शेजारच्या सखूबाई म्हणाल्या, "मंजी ह्यो शनवारी मारुतीला जातो म्हणून सांगायचा, तवा तिकडं जायचा व्हय?" मी प्रास्ताविक तिथेच आवरतं घेतलं.

कार्यक्रम सुरू झाला. पाच तरुण गायक होते, पाचही जणांच्या पँटी गुडघ्यावर फाटलेल्या. त्यांनी तुमची गाणी म्हटली, पण मामा, खरं लिहायचं ठरलंय म्हणून लिहितो, इतकी सावकाश म्हटली की गावाला वाटलं कुणीतरी गेलंय. दोन माणसांनी टोप्या काढल्या. मग तुमचा जुना फितीवरचा तुकडा दाखवला, चाळीस सेकंदांचा. त्यात तुम्ही तीन सेकंद आहात. खांद्यापर्यंत केस, छातीची चार बटणं उघडी, आणि तोंड असं वासलेलं की दाढा मोजता याव्यात. तुम्हाला कुणी ओळखलं नाही. टाळ्या पडल्या त्या डेन्झिल दिसल्यावर, कारण तो गोरापान होता आणि सगळ्यांचं मत पडलं की पोपटराव तरुणपणी असेच असणार. खाली पाटी आली ती 'ड्रम्स : पोपट राव' अशी तोडून, म्हणून मागून कुणीतरी विचारलं की हे आंध्राकडचे का.

आता मतं. लग्नाच्या बँडमध्ये चाळीस वर्षं ताशा बडवलेल्या खंडूआप्पांना मी मुद्दाम पुढे बसवलं होतं, कारण जाणकार तेच. आप्पा म्हणाले, "हाताला वजन हाय, पर वरात कधी म्होरं सरकायची न्हाई ह्या तालावर. माणसं जाग्यावरच ऱ्हात्याल." मी म्हटलं, आप्पा, यात वरात नसते, लोक जागेवरच उभे राहून डोकं हलवतात. आप्पांनी विचारलं, "मग नवरीनं घरी कवा जायचं?" सखूबाईंचं मत असं की गाणं चांगलं असेल पण भांडण मिटवून मग म्हणायला हवं होतं. माझा आयुष शिक्रापूरला कंपनीत आहे, त्याने खोलीवरच्या सहा यूपीवाल्या मित्रांसोबत मोबाइलवर पाहिलं. ते सगळे एकमताने म्हणाले, "चाचाजी तो हीरो थे!" (चौकशी केली. तेही डेन्झिललाच चाचाजी समजले होते.)

इथवर सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग 'लिली' लागलं.

मामा, तुमचं ते सगळ्यांत गाजलेलं गाणं आहे हे मला ठाऊक आहे. पण ते इंग्रजीत आहे, आणि पहिल्या रांगेत हायस्कूलचे सत्यजीत सर बसले होते. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, तरी ते उठले आणि एकेका ओळीचा अर्थ खणखणीत आवाजात सांगू लागले. "लिली, तू नेहमी उशिरा येतेस." बायका माना डोलवू लागल्या. "लिली, तू प्रत्येक स्टेशनात पितेस." माना थांबल्या. "तू धूर सोडतेस, तू तापतेस." सखूबाईंनी पदर तोंडाला लावला. "तुला उठवायला चार माणसं लागतात." खंडूआप्पा हलक्या आवाजात म्हणाले, "लई पीत असंल." सरांना मी खुणा करत होतो, पण त्यांना वाटलं मी मोठ्याने सांगा म्हणतोय.

एवढ्यावर भागलं असतं. पण गाणं संपलं आणि ती निवेदिका डोळे पुसत म्हणाली, की लिली ही ड्रमवादक पोपट राव यांच्या आयुष्यातली पहिली प्रेयसी. एके दिवशी ती दौंड सोडून कायमची निघून गेली, पोपट राव यांचा हात ड्रमवर चालेना, आणि बँड फुटला.

अंगणातली साठ-सत्तर डोकी एकदम मागे वळली. मामींच्या हातातली शेंग तशीच राहिली. मग त्या उठल्या, कुणाकडे न बघता म्हणाल्या, "रवी, म्हशीला पाणी दाखवून येते." मामा, म्हशीला पाणी अर्ध्या तासापूर्वीच दाखवलं होतं, मी स्वतः बादली उचलली होती.

(भाग्यश्री, इथे जरा थांब, मामांना पाणी दे.)

मी त्या वेळी तोंड उघडलं नाही. का नाही उघडलं, ते पुढे येईल. सत्यजीत सरांनी मात्र जाहीर केलं की कलावंताच्या आयुष्यात अशा गोष्टी असतात, आणि त्यानंतर त्यांच्या मंडळींनी त्यांना हाताला धरून घरी नेलं.

सोमवारी सकाळी मी टीव्ही परत आणायला गेलो तर तुमच्या ओसरीवर पंधरा बायका. सखूबाई पुरणपोळ्या घेऊन आलेल्या, "खा गं विठाबाई, खाऊन घे, मनाला लावून घिऊ नगं" असं म्हणत होत्या. एकीने धुणं धुतलं, दुसरीने दळण नेलं, तिसरी मामींच्या डोक्याला तेल लावत होती. मामी डोळे मिटून बसलेल्या. मधूनच एक लांब सुस्कारा टाकायच्या, की लगेच कुणीतरी त्यांच्या पुढ्यात चहा ठेवायचं. बोलायला मात्र तयार नाहीत. मी म्हटलं, "मामी, मामांना फोन लावू का?" तर म्हणाल्या, "त्येंना पट्टी हाय. माझ्या डोळ्यावरची आत्ता निघाली." मामा, असं वाक्य मामी बोलतील हे मला स्वप्नातही खरं वाटलं नसतं.

एकंदरीत कार्यक्रम भारी झाला. गावात तुमच्याशिवाय दुसरा विषय नाही. माझ्या सासरकडचे, कुणाकुणाचे फोन आले. तब्येतीला जपा, ड्रॉप वेळेवर टाका. भाग्यश्रीला व जावईबापूंना नमस्कार, रुद्रला गोड पापा.

तुमचा आज्ञाधारक
रविराज

ता. क. – मामींना फोन करू नका. त्या तुमचं नाव स्क्रीनवर बघतात, फोन उशीखाली सारतात आणि सुस्कारा टाकतात. जमलेल्या बायका मग तुमच्याबद्दल बोलतात. ते लिहीत नाही.

ता. क. २ – मामा, आता मुख्य काम. खरं लिहायचं म्हणालात म्हणून लिहितो. लिली हे लोको शेडमधलं वाफेचं इंजिन होतं, ते दर स्टेशनात पाणी प्यायचं, कधी वेळेवर निघायचं नाही आणि पुढे ते भंगारात गेलं, हे तुम्ही मला लहानपणी मांडीवर घेऊन सांगितलं होतं, ते माझ्या पक्कं लक्षात होतं. दोन महिन्यांपूर्वी चॅनेलची एक मुलगी माहिती विचारायला डेअरीवर आली. तुमचा फोन तेव्हा बंद होता. तिने विचारलं, लिली कोण? मी म्हटलं, इंजिन. मामा, त्या मुलीचा चेहरा इतका पडला की मला बघवेना. एवढ्या उन्हातून आलेली. मी नुसतं म्हटलं, "समजा, एखादी मुलगीसुद्धा असू शकेल." तिने विचारलं, पुढे? मग पुढचंही मीच सांगितलं. हात ड्रमवर चालेना, ते वाक्य माझंच. तर विनंती अशी, की बरे होऊन आलात की मामींना सांगा, चूक चॅनेलची. नाहीतर सांगा की लिली डेन्झिलची होती. तो ऑस्ट्रेलियात पर्थला असतो, तिथे विचारायला कोण जातंय. माझं नाव मात्र मधे घेऊ नका. मामींनी मला लहानाचं मोठं केलंय, त्यांच्यापुढे मी उभा राहू शकणार नाही. (भाग्यश्री, हे सगळं मामांच्या कानात वाच.)

हे पत्र मामी तुम्हाला ट्रॅव्हल्सच्या गाडीने लाडू पाठवणार आहेत त्या डब्यात ठेवायला त्यांच्याकडेच देतो आहे.

भाग्यश्रीच्या बाबांस,

रवीनं पाकीट चिकटवलं न्हवतं. वाचलं.

लिलीला मी लग्नाआदीच पाह्यलंय. आबा मला दौंडला जत्रंला घिऊन गेले हुते, तवा तुम्ही शेडच्या दाराशी तिला फडक्यानं पुसत हुता, आन् पुसता पुसता तिच्याशी बोलत हुता. ह्यो माणूस इंजनाशी इतकं नीट बोलतोय तर बायकुशी बी बोलंल, म्हणून मी आबांना हो म्हणाले. ते खरं निघालं न्हाई, ती गोष्ट निराळी.

खंडूआप्पाला काय कळतंय. वाजवणं मला आवडलं. तीनच सेकंद दाखवलं, ते कमी पडलं. केस तेवढे बरे न्हवते.

रवीला रागं भरू नका, त्याला भ्यालेलंच ऱ्हाऊ द्या. आन् लिली इंजिन हुती हे आणखी पंधरा दिस कुणाला बोलू नका. सखूबाई परवापासनं म्हशीची धार काढाया सुनेला धाडणार हाय.

– विठाबाई