रिंग घातलेलं पिल्लू

९ नोव्हेंबर, रविवार. कडेगाव

पोचलो एकदाचे! जतहून निघताना सासूबाईंनी इतकं सामान बांधून दिलं की पिकअपमध्ये मी आणि प्रांजल कशाबशा मावलो. बिरदेवला यंदा कारखान्याचा ऊस वाहायचा ट्रॅक्टर मिळालाय आणि मला मनुबाई आक्कांचे पक्षी सांभाळायचं काम. राहायला त्यांचीच मागची खोली, आणि नळाला रोज पाणी! आमच्याकडे टँकरचा हॉर्न वाजला की घागरी घेऊन धावायचं. इथं मी दोनदा उगाचच नळ सोडून बघितला. आक्कांनी पाहिलं आणि हसल्या.

आक्का सत्तरीच्या, फौजेतल्या नवऱ्याच्या, सुभेदारांच्या मागं एकट्या राहिलेल्या, मूलबाळ नाही. पाठ अजून ताठ. परसातल्या पत्र्याच्या शेडला जाळी मारून साठ जोड्या पाळल्यात. गावात सगळे त्यांना लव्हबर्ड म्हणतात, आक्का बजी म्हणतात आणि दुसरं नाव घेतलं की रागावतात. हिरवे, पिवळे, आभाळी. कलकलाट असा की अडीच महिन्यांची आमची प्रांजल रडायचीच विसरली. तिला मांडीवर घेऊन आक्कांनी आधी डाव्या पायाचं प्लास्टर निरखलं. मी सांगितलं, पाऊल जन्मतःच आत वळलेलं आहे, सांगलीला दर बुधवारी प्लास्टर बदलतात, अजून तीन बाकी आहेत. त्या पायाकडेच बघत राहिल्या.

११ नोव्हेंबर, मंगळवार

काम शिकतेय. शेडला एकामागं एक दोन दारं आहेत, मधे माणूस उभं राहील एवढी जागा. पहिलं लावल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही, नाहीतर पक्षी भुर्र. काम चालू असताना कुणी बाहेरून ढकलू नये म्हणून कड्या आतल्या बाजूला. सकाळी खायला राळं, पाणी, चोच घासायला समुद्रफेसाचा तुकडा, मग भिंतीवर टांगलेली घरट्यांची मडकी एकेक तपासायची. नाकाची साल निळी तो नर, तपकिरी ती मादी. बिरदेवला सांगितलं तर म्हणाला, तुझं रागानं लाल होतं ते कशात धरायचं?

सातव्या दिवशी पिल्लाच्या पायात रिंग घालतात. रिंग घातली की ते घरचं, ते ठेवायचं. पाय अधू निघाला तर रिंग नाही, ते निळ्या बादलीत जातं. आज आक्कांनी एक बुडवलं. मोठ्यानं पन्नास मोजले, हात पुसले आणि चहा टाकला. म्हणाल्या, "जगवून हाल करण्यापरीस हे बरं. मातूर हात थरथरला न्हाई पायजे." मला तो चहा गेला नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार

आज शेडमध्ये रक्त सांडलं. एका मडक्यावरून दोन माद्यांची जुंपली आणि आभाळी मादी शेजारणीच्या मडक्यात शिरली. मी काठी घालेपर्यंत तिनं शेजारणीचा डोळा फोडला होता आणि चार दिवसांच्या तीन पिल्लांची टाळू सोलून काढली होती. मग बाहेर येऊन समुद्रफेसावर चोच घासत बसली. पांढऱ्यावर लाल रेघा उठल्या. आक्कांनी तिला धरून दोन दारांच्या मधल्या जागेत एकटीच्या पिंजऱ्यात टाकलं आणि बजावलं, रक्त लागलेली मादी पिल्लांत परत सोडायची नाही, तिच्या स्वतःच्या सुद्धा.

पण तिची दोन पिल्लं मडक्यात चिरचिरत होती. मी अंगावर पाजणारी बाई, मला ऐकवेना. दुपारी आक्का आडव्या झाल्यावर मी तिला सोडली. ती सरळ आपल्या मडक्यात गेली आणि दोघांना भरवायला लागली. इतकं बरं वाटलं मला! चार वाजता मडक्यात हात घातला तर बोटांना ओलं लागलं. दोघांनाही डोकी नव्हती.

आक्का ओरडल्या नाहीत. आभाळीला परत पिंजऱ्यात घालताना एवढंच म्हणाल्या, "तिला आता आपलं-परकं कळत न्हाई. तू आय म्हणून सोडलीस, पर ती आय ऱ्हायली न्हाई गं."

२२ नोव्हेंबर, शनिवार

आज बादली माझ्यावर आली. दोन पिल्लं होती, एकाचे पाय फाकलेले, एकाची बोटं उलटी. आक्का शेजारी उभ्या. पहिलं बत्तीसला थांबलं, तरी मी पन्नास पुरे केले. ढसाढसा रडले. दुसऱ्याला कमी रडले. खोटं कशाला लिहू, दुसऱ्याला रडलेच नाही.

आक्का म्हणाल्या, हात बसला तुझा. संध्याकाळी प्रांजलनं आकांत मांडला. तिला थोपटता थोपटता मनात आकडे चालले होते. कधी सुरू झाले ते कळलं नाही.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

आक्का सारखं विचारतात, ही चालंल का? डॉक्टर चालेल म्हणतात, पण आक्कांचं समाधान नाही. आज म्हणाल्या, "लंगडी ऱ्हायली तर पोरीच्या जातीचं लय हाल हुत्यात." हाल. बादलीशी म्हणतात तोच शब्द.

दुपारी खोलीत आले तर त्या प्रांजलच्या उजव्या पायाला दोरा गुंडाळून माप घेत होत्या. मला बघून दोरा कनवटीला खोचला. कशाला ते सांगितलं नाही. बिरदेव हसला. म्हातारीला नात मिळालीय, तू येडी हायस, म्हणाला.

१ डिसेंबर, सोमवार

चूक माझीच. आक्कांनी विचारलं आणि मी हौसेनं सांगून बसले, बुधवारी प्लास्टर निघणार. प्लास्टर भिजवायचं नाही म्हणून इतके दिवस प्रांजलला ओल्या फडक्यानं पुसतेय. आक्का लगेच म्हणाल्या, गुरुवारी मी न्हाऊ घालते. बिरदेव समोर होता, तो हो म्हणाला. वडीलधाऱ्या बाईला नाही कसं म्हणायचं?

निळी बादली घासून उन्हात पालथी घातलीय.

३ डिसेंबर, बुधवार

निघालं. पाऊल जवळजवळ सरळ आहे. एवढंसं, पांढरं, सुरकुतलेलं. मी आनंदानं रडायला हवं होतं.

प्लास्टर होतं तोवर पाणी नव्हतं. आता —

बिरदेवला म्हटलं, आजच जतला जाऊ. हंगाम सोडून कसं जायचं म्हणतो. ट्रॅक्टर घेऊन गेला, आता उद्या दुपारीच येतोय.

४ डिसेंबर, गुरुवार

आक्कांनी मला शेडमध्ये पाठवलं. राळं घालून ये म्हणाल्या.

न्हाणीत पाणी पडल्याचा आवाज. प्रांजल हसली. मग एकदम थांबली.

हे दार लाव, ते उघड — हात चालेना —

आक्का बादलीवर वाकलेल्या. एक हात तिच्या तोंडावर. मोजत होत्या. मोठ्यानं. तीन, चार —

बाळ ओढून घेतलं. पोत्यावर ठेवलं. आक्कांचा अंबाडा धरला आणि

बादलीत. कपाळ काठावर आपटलं. पाणी लाल. लय जोर होता त्यांना. नखांनी माझा हात फाडला. छत्तीसला सैल पडल्या. मी पन्नास पुरे केले.

हात थरथरला नाही.

त्यानंतर

पाटावर तेलाची वाटी. हळद. शेगडीवर शेकत ठेवलेलं झबलं. तांब्या.

डोळ्यांत पाणी जाऊ नये म्हणून तोंडावर हात धरतात. माझी आईसुद्धा असाच —

तांबे मोजत होत्या. बाळाला शेवटचे पाच तांबे मोजूनच घालतात.

प्रांजलच्या पायात चांदीचे वाळे आहेत. नवे. दोन्ही पायांत. वाकड्या सुद्धा. दोऱ्याचं माप त्याचं होतं.

आक्का, तुम्ही तिला रिंग घातली होती. ठेवायचं म्हणून —

अकरा वाजले

दोन दारांच्या मधे बसलेय. शेजारी आभाळी, तिच्या पिंजऱ्यात.

प्रांजल घरात, पाळण्यात. मीच ठेवून आले. ती रडत होती, मी गप्प करत होते. एकोणीसपर्यंत आले तेव्हा कळलं, माझा हात तिच्या तोंडावर आहे.

बिरदेव, आलास की तिला उचल आणि जा. मी हाक मारली तरी ऐकू नकोस. पाया पडले तरी. मला परत सोडायची नाही.

किती रडतेय. भुकेली आहे. मला दूध उतरलंय, ब्लाउज भिजला. आभाळी जाळीला चोच मारतेय, सारखी —

दुपार व्हायला अजून किती —

कडी आतल्याच बाजूला आहे.

मोजणार नाही. नुसतं पाजते आणि लगेच —