शेजारी फडकं

ती. बाबांना,

माझ्या माँटेसरीत तीन वर्षांची मुलं काचेच्या जगमधून स्वतः पाणी ओतून घेतात. सांडलं तर शेजारच्या फडक्यानं पुसतात. मी हात मागे बांधून उभी राहते. नव्या बाईंनाही पहिल्या दिवशी बजावते, मूल मागत नाही तोवर मदत करायची नाही. वीस वर्षांत हा नियम मी मोडला नव्हता.

रविवारी दादाकडे तुमचा आजारातून उठलेला हात थरथरला आणि मी जग काढून घेतला. तुम्ही मग पाणी प्यायलाच नाहीत.

हे पत्र मी टाकणार नाही. माफी मागितली की तुम्ही ‘जाऊ दे गं’ म्हणून विषय संपवाल. येत्या रविवारी तुमच्यापुढे भरलेला जग ठेवीन, शेजारी फडकं. मला तहान लागलेली असेल.

हात मागे बांधलेली,
तुमची धाकटी