माकडशिंगाची जागा

रेणापूर

प्रिय आरती,

‘प्रिय’ लिहिताना हात अडखळला, तरी लिहिलं. हॉस्टेलपासूनची सवय आहे. तुझे फोन मी मुद्दाम उचलत नाही. तू हसतेस आणि माझा राग निवळतो. या वेळी तो निवळायला नको आहे.

श्रावणात तू नांदेडहून आलीस तेव्हा माळावर तुला मीच नेलं. शेजारची गुणामावशी शेळ्या घेऊन तिथंच होती. बोरीच्या काट्यांत हात घालून तिनं तुला माकडशिंगाची कांडी मोडून दिली. पान नाही, फांदी नाही. बोटाएवढी चौकोनी हिरवी कांडी आणि शेंड्याला काळपट जांभळी फुलं. तू वास घेऊन नाक मुरडलंस तेव्हा मावशी पोट धरून हसली. तो वास माश्यांसाठी असतो, म्हणाली. मग आपण तिघींनी मीठ लावून कांड्या खाल्ल्या. दुष्काळाच्या साली भाकरी नसली की हेच चघळत तिनं दिवसदिवस शेळ्या राखल्या होत्या. भूक मरते, तहान लागत नाही, असं ती सांगत होती आणि तू मोबाइल धरून उभी होतीस. मला वाटलं, आठवण म्हणून.

तू ते साऱ्या जगाला दाखवलंस. मावशीचा चेहरा, मागचा दर्गा, रस्त्याचा फाटा, सगळं. वर लिहिलंस, ‘वजन कमी करणारी रानभाजी’. अगं, तिनं ते उपाशी पोटी खाल्लं होतं! तिची उपासमार तू पोटं सुटलेल्यांना औषध म्हणून दाखवलीस.

पोळा झाला आणि टेम्पो आला. माणसं परकी. नुसत्या कांड्या मोडल्या असत्या तर झाड पुन्हा फुटलं असतं. त्यांनी टिकावानं मुळासकट उपटून पोती भरली. बोरी आड येत होत्या म्हणून त्याही तोडल्या. मी शाळा सुटल्यावर पोचले तेव्हा खडकांच्या फटींतून ताजी माती बाहेर पडली होती. त्या माळावर मूठभर माती साठायला किती पावसाळे लागतात, ठाऊक आहे तुला? तेवढ्याशा मातीत, अंगातल्या ओलीवर ते झाड आख्खा उन्हाळा काढायचं.

तुझा व्हिडिओ गावानं पाहिला. गुणाबाईनंच पैसे घेऊन जागा दाखवली, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं आणि गायरानात तिच्या शेळ्यांना बंदी केली. ती कुणाशी भांडली नाही. मला एवढंच म्हणाली, “म्या पोरीला खायाला दाखिवलं, इकायला न्हाई.” शेळ्या दाराशी बांधलेल्या ओरडतायत आणि ती लोकांच्या बांधावरून पाला मागत फिरतेय.

व्हिडिओ काढून टाकलाय, आता विषय संपव, असा निरोप तू पाठवलास. संपत नाही. येत्या रविवारी मारुतीच्या पारावर गाव बसणार आहे. बंदी कायमची करायची का, ते ठरेल. मी खरं सांगून पाहिलं. मावशीची बाजू तुम्ही घेणारच, म्हणतात. म्हणून हे लिहितेय. तू ये. सगळ्यांसमोर उभी राहा आणि सांग, जागा मी दाखवली, गुणाबाईला न विचारता. आली नाहीस तर हे पत्र मी पारावर मोठ्यानं वाचेन, तुझ्या नावासकट.

रविवारपर्यंत तरी तुझीच,
उज्वला