हातमोज्याला गेलेली चीर

तीर्थस्वरूप ताईस,

साष्टांग नमस्काराला हात मोकळे लागतात, तेव्हा तूर्त मानेनेच. तुझी कंबर आणि भाऊजींचा खोकला कसा आहे? अक्षर माझं नाही हे तू ओळखलंच असशील. मी बोलतोय आणि प्रयोगशाळेतल्या शेजारच्या टेबलावरच्या बाई लिहून घेतायत. (सगळंच लिहू नका हो. बरं, लिहा.) रविवारच्या स्थळाबद्दल आजच्या टपालाने नकार निघाला नाही तर होकार समजेन, असा तुझा दम, म्हणून ही घाई.

माझे दोन्ही हात एका काचेच्या पेटीत अडकलेत. पेटीत आरगॉन वायू भरलेला असतो. बाहेरची हवा आत जाऊ द्यायची नाही, म्हणून काचेला बसवलेल्या रबरी हातमोज्यांत हात घालून काम करायचं. आत उघड्या बरणीत मॅग्नेशियमची भुकटी आहे. हे मॅग्नेशियम हायड्रोजन साठवतं खरं, पण तऱ्हा थेट भाऊजींची: बसायला हजार नखरे, आणि एकदा सोफ्यावर टेकले की तू तापल्याशिवाय उठायचं नाव नाही. त्यात कार्बन घालून दळायची कल्पना या बाईंची. मी म्हटलं, काजळीने काय होणार डोंबल! पण आता हायड्रोजन भराभर आत जातो आणि भराभर बाहेर येतो. एवढ्या खटपटीतून साधलेली ही एकच बरणी, उद्या तिची चाचणी, आणि आज झाकण लावायच्या ऐन वेळी उजव्या हातमोज्याला टरकन चीर गेली!

ती चीर मी डाव्या हाताने आवळून धरलीय. त्यात सिलिंडरमधला आरगॉन संपत आलाय. तो संपला की हवा आत शिरणार, भुकटी पेटणार. मग बरणी गेली, बाईंची मेहनत गेली, माझ्या भुवया गेल्या. शिपाई नवा सिलिंडर आणायला गेलाय तो गेलाच. सिलिंडर आणि त्याची दाबाची सुई दोन्ही माझ्या पाठीमागे, त्यामुळे बाईच बघून सांगतात. (किती आहे हो? "अगदी खाली.") नाकाला खाज सुटलीय, ताई, फक्त रडायचं बाकी आहे. (आता किती? "तुम्ही बोला, मी लिहितेय.")

बाकी सर्व क्षेम.

तुझा धाकटा

ता. क. रविवारी मी येत नाही. कारण विचारू नकोस.

दुसरा ता. क. बरं, विचार. कारण माझ्या पाठीमागे बसून हे पत्र लिहितंय. (हे नका लिहू. लिहिलंत? अहो, खोडा!)

तिसरा ता. क. ताई, हा मजकूर माझा. शिपाई नवा सिलिंडर जोडून गेला, साधारण नाकाच्या खाजेपाशी. सुई वर आहे, आता वायूचा जोर हवेला आत येऊ देणार नाही. चीर सोडून झाकण लावलं तरी चालेल. पण हात मोकळे असले की हे गृहस्थ कामाशिवाय अवाक्षर काढत नाहीत. आधी पाकीट चिकटवते, मग त्यांना सांगते. रविवारी तुम्हीच इकडे या.